विस्तवाभोवतीचं घर



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो ते आमचे सर पहिल्या वर्षाच्या मुलांना राहत्या घराचा नकाशा काढायला सांगत. मुलं भिंती आखायला घेत. सर पाठीमागे येऊन उभे राहत आणि एवढंच विचारत, "चूल कुठंय?" ज्याला सांगता यायचं नाही त्याला ते घरी पाठवत, आईला विचारून ये म्हणत. त्याला आता चाळीस वर्षं झाली, तरी कुठल्याही जुन्या घराच्या उंबऱ्याशी आलो की तो प्रश्न मला ऐकू येतो. आज ज्या घराबद्दल बोलणार आहे ते इथून फार लांब, आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. तिथेही मी आधी चूलच शोधली. आणि पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की आयरिश शेतघराचा अभ्यास ज्यांनी ज्यांनी केला त्यांनीही सुरुवात तिथूनच केली होती.

आयर्लंडचं नाव आपल्याकडे अलीकडे घरोघरी पोचलं ते लिओ वराडकरांमुळे. मालवण तालुक्यातल्या वराड गावातून गेलेल्या डॉक्टरांचा हा मुलगा २०१७ साली त्या देशाचा पंतप्रधान झाला आणि २०१९ च्या डिसेंबरअखेर वडिलांचं मूळ घर बघायला वराडला आला. त्याचं आपल्याला अप्रूप वाटलं. आयरिश माणसाला वाटलं नसतं. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, इंग्लंडमध्ये गेलेल्या आयरिशांची नातवंडं-पतवंडं दरवर्षी आयर्लंडला येतात आणि असंच एखादं घर शोधत फिरतात. पुष्कळांना गवताखाली बुजलेला भिंतीचा उंचवटा तेवढा सापडतो.

मला सापडलं ते घर धडधाकट उभं होतं. डेरी काउंटीत कासलरॉक नावाचं समुद्रकाठचं छोटं गाव आहे. त्याच्या शेजारी डाउनहिलचा कडा. डेरीचे बिशप फ्रेडरिक हर्व्ही यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या कड्यावर मोठा प्रासाद बांधला आणि १७८५ मध्ये कड्याच्या अगदी टोकाला मसेंडन टेंपल हे गोल घुमटाचं देखणं ग्रंथालय उभारलं. ग्रंथालय आजही आहे. प्रासाद १८५१ साली जळाला, पुन्हा बांधला गेला, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाच्या लोकांनी वापरला आणि युद्धानंतर त्याचं छप्पर उतरवलं गेलं. आज तिथे गेलात तर खिडक्यांच्या चौकटींतून आभाळ दिसतं आणि दिवाणखान्याच्या जागी मेंढ्या चरतात. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, एका चौरस्त्याशी, हेझलेट हाउस आहे. लांबट, बुटकं, चुन्यानं पांढरं केलेलं, गवतानं शाकारलेलं. ते प्रासादापेक्षा ऐंशीएक वर्षांनी जुनं आहे, आणि त्याचं छप्पर त्याच्या डोक्यावर आहे.

हा फरक दगडाच्या मजबुतीनं पडलेला नाही. प्रासादाचा दगड कितीतरी उत्तम होता. पण १७६६ साली हेझलेट कुटुंब या घरात राहायला आलं आणि १९७६ साली नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेनं ते ताब्यात घेईपर्यंत, म्हणजे दोनशे दहा वर्षं, ते त्याच कुटुंबाकडे राहिलं. गळलं की कुणीतरी वर चढलं. पोपडा सुटला की कुणीतरी चुना कालवला. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे, की शेतघराचं वारसामूल्य त्याच्या भिंतीत जेवढं आहे त्याहून अधिक या वर चढणाऱ्या माणसात आहे.

आधी घराचा सांगाडा पाहू. हेझलेट हाउसच्या माळ्यावर गेलं की छपराखालची लाकडं दिसतात. नैसर्गिक बाक असलेली ओकची जोडलाकडं खालून निघून वर आढ्याशी एकमेकांना भिडतात, उलट्या 'व्ही'सारखी. या बांधणीला तिकडे 'क्रक' म्हणतात. छपराचा भार ही लाकडं सरळ जमिनीकडे नेतात, भिंतीवर तो फारसा येत नाही. त्यामुळे आधी सांगाडा उभा राहतो आणि भिंत मागाहून, माती-दगड हाताशी येईल तशी भरली जाते. आपल्याकडच्या मेढी रोवून मग कुड घालणाऱ्या माणसाला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. ही पद्धत वसाहतीसाठी आलेल्या इंग्रजांनी आणली की आधीपासून बेटावर होती, यावर तिथे अभ्यासकांचे वाद आहेत. मला त्या वादापेक्षा लाकडाच्या वयाची गोष्ट जास्त मोलाची वाटते. ओकच्या खोडातली वाढीची वर्तुळं मोजून, पावसाळी आणि कोरड्या वर्षांची त्यांतली जाड-बारीक खूण ओळखून, झाड कधी तोडलं ते सांगता येतं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दलदलीत गाडलेल्या आणि जुन्या इमारतींत वापरलेल्या ओकवरून सात हजारांहून अधिक वर्षांची सलग मालिका तयार केली. ती १९८४ साली प्रसिद्ध झाली. या पद्धतीनं हेझलेट हाउसच्या लाकडांचं वर्ष निघालं १६९०-९१.

हे वर्ष आयर्लंडमध्ये शाळकरी पोरालाही पाठ असतं. १६८९ मध्ये डेरी शहराला वेढा पडला होता, १६९० च्या जुलैत बॉइन नदीकाठी दोन राजांची लढाई झाली. त्या धुमाळीत, की ती सरताच, कुणीतरी ओक तोडून घर उभारायला घेतलं. इतिहासाच्या पुस्तकात लढाई येते, घर येत नाही. इथे घरानं स्वतःच आपली तारीख जपून ठेवली होती.

आता चुलीकडे येऊ. जुनं आयरिश शेतघर एकाच खोलीच्या रुंदीचं असतं. खोल्या एकीला एक लागून लांबीत वाढत जातात, रुंदीत कधी नाही. दारं-खिडक्या लांब भिंतींत, आखूड बाजूच्या भिंतीत क्वचित. छपराचं लाकूड जेवढा गाळा पेलेल तेवढी घराची रुंदी. आणि या सगळ्या मांडणीच्या पोटात जमिनीवरच पेटलेला विस्तव. जळण म्हणजे टर्फ, दलदलीच्या जमिनीतून फावड्यानं विटांसारखं कापून उन्हावाऱ्यात वाळवलेलं. त्याची आग ठिणग्या उडवत नाही. मंद, लाल, वासाची आग असते ती. तिच्यावर लोखंडी आकड्याला टांगलेलं भांडं. आकडा फिरवून भांडं आगीवर आणायचं किंवा बाजूला घ्यायचं.

विस्तवाच्या आणि दाराच्या नात्यावरून अभ्यासकांनी या घरांचे दोन प्रकार पाडले. पश्चिमेकडे आणि उत्तरेकडच्या मोठ्या भागात दार चुलीपासून दूर, खोलीच्या दुसऱ्या टोकाशी असतं. आत पाऊल टाकलं की थेट स्वयंपाकघर. पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे दार चुलीच्या शेजारीच असतं, म्हणून वारा थेट आगीवर येऊ नये यासाठी दार आणि चूल यांच्यामध्ये एक आडभिंत घातलेली असते. आत शिरणारा माणूस आधी त्या भिंतीसमोर येतो, मग वळून खोलीत. या आडभिंतीत पुष्कळदा वितीएवढी खिडकी ठेवलेली असते. चुलीशी बसलेल्या म्हातारीला जागचं न उठता दाराशी कोण आलंय ते दिसावं म्हणून. इतक्या साध्या भोकात इतका विचार मी फार थोड्या आधुनिक इमारतींत पाहिला आहे.

अमेरिकन लोकविद्या-अभ्यासक हेन्री ग्लासी १९७० च्या दशकात फर्मानाह काउंटीतल्या बॅलिमेनोन या वाडीवर वारंवार जाऊन राहिले. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९८२ मध्ये आला. तिथे रात्री शेजारी शेजाऱ्याकडे न सांगता जातात. या जाण्याला 'केली' म्हणतात. आलेला माणूस सरळ स्वयंपाकघरात, विस्तवाशी येऊन बसतो. मग गप्पा, गोष्टी, गाणं. घराचा सर्वांत आतला ऊबदार कोपरा पाहुण्यासाठी सर्वांत आधी उघडतो, हे त्या नकाशातच लिहिलेलं आहे. आपल्याकडे चूलबंद आवतण देताना आपण सगळं घर एका चुलीनं मोजतो. सतराव्या शतकात तिकडच्या सरकारनंही तसंच मोजलं. १६६२ च्या कायद्यानं आयर्लंडमध्ये दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसला. त्या कराच्या याद्या आज इतिहासकारांना सोन्यासारख्या वाटतात, कारण कुठल्या वाडीवर कोण राहत होतं ते त्यांतून कळतं.

रात्री घरची बाई निखारे राखेखाली झाकायची आणि झाकताना संत ब्रिजिटच्या नावानं प्रार्थना म्हणायची. सकाळी राख बाजूला केली की तोच विस्तव पुन्हा फुलायचा. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी घरातला विस्तव कुणाला द्यायचा नाही, दिला तर वर्षाचं दूधदुभतं त्याच्याबरोबर जातं, असा समज होता. नव्या घरात राहायला जाताना जुन्या चुलीतले निखारे नेत. हे तुम्हाला सांगून ठेवतो, कारण थोड्या वेळानं मी याच विस्तवाच्या विझण्याबद्दल बोलणार आहे.

चुलीमागच्या खोलीचीही एक कथा आहे. १९३० च्या दशकात कॉनराड आरेन्सबर्ग हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लेअर काउंटीत राहिले. १९३७ साली त्यांचं पुस्तक आलं. तिथे मुलाचं लग्न ठरलं की जमीन त्याच्या नावावर होते, आणि आईबाप स्वयंपाकघरातून उठून चुलीमागच्या 'पश्चिमेच्या खोलीत' जातात. घरातलं चांगलं फर्निचर, मेलेल्यांचे फोटो, धर्माच्या तसबिरी त्याच खोलीत. सूर्य मावळतो त्या बाजूला म्हातारपण. घर पश्चिमेकडे वाढवू नये, असाही लोकसमज होता. एका कुटुंबाचं पिढीपिढीचं वर्तुळ त्या तीन खोल्यांत फिरत असे, आणि चुलीच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायला माणसाचं सगळं आयुष्य लागे.

डोनेगलकडे, मेयोकडे चुलीशेजारच्या भिंतीला बाहेर फुगवटा काढून तेवढ्यात एक बिछाना बसवलेला असतो. त्याला 'कायलख' म्हणतात. याच शब्दाचा अर्थ म्हातारी असाही आहे. घरातलं सर्वांत वृद्ध माणूस उबेला तिथे झोपे. खुर्च्या बुटक्या असत, कारण धूर वर तरंगे आणि खाली बसणाऱ्याच्या डोळ्यांना लागत नसे. दिवसा बाक आणि रात्री उघडून बिछाना होणारं 'सेटल' असे. वापर नसताना भिंतीवर चढवता येणारं टेबल असे. या सामानावर क्लॉडिया किनमंथ यांनी उभं आयुष्य घातलं आहे. आणि पश्चिमेकडच्या कितीतरी घरांत, त्याच छपराखाली, चुलीपासून दूरच्या उताराच्या टोकाला गाई. समोरासमोर दोन दारं: एकातून गाई आत, दुसऱ्यातून बाहेर, मधून मूत वाहून जायला नाली. गाईला विस्तव दिसला की ती जास्त दूध देते, असं तिथली माणसं सांगत. आपल्या कितीतरी घरांत पडवीत किंवा खालच्या अंगाला गोठा होता. आपल्याला यात घाण दिसणार नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांना ती दिसली. त्यांनी ती वर्णनं छापली आणि पुढे आयरिश माणसानंही स्वतःच्या घराकडे त्यांच्याच डोळ्यांनी पाहायला सुरुवात केली.

छपराबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण मी मुळात छपराचा माणूस आहे. आपल्याकडे शाकारणी पावसाच्या आधी उरकायची असते. तिकडे पाऊस वर्षभर असतो आणि वारा त्याच्याहून वाईट असतो. वाशांवर आधी गवताळ जमिनीचे सोललेले लांब पट्टे, मातीमुळांसकट, चटईसारखे अंथरतात. त्यांना 'स्क्रॉ' म्हणतात. त्यावर पेंढ्या. पेंढा जिथे जे पिकतं त्याचा: गव्हाचा, ओटचा, रायचा, उत्तरेत जवसाच्या काडीचा, शॅनन नदीच्या मुखाशी बोरूचा, किनाऱ्यावर वाळूतल्या गवताचा, डोंगरात हेदरचा. हेझल किंवा वाळुंजाच्या बारीक फांद्या पिळून, केसातल्या आकड्यासारख्या वाकवून, त्यांनी पेंढा खालच्या मातीत खोचतात. अटलांटिकच्या किनाऱ्यावर एवढ्यानं भागत नाही. तिथे छप्पर आढ्याशी गोल करतात, म्हणजे वाऱ्याला धरायला कोपरा मिळत नाही. वरून दोरांचं जाळं टाकतात आणि ते दोर वळचणीखाली भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी खुंट्यांना बांधतात. वादळाच्या रात्री ते घर जमिनीला दोरानं बांधलेल्या होडीसारखं असतं. हे सगळं घरचे आणि शेजारचे मिळून करत. त्या एकत्र कामाला 'मेहल' म्हणतात. आपल्या इर्जिकीला याहून जवळचा परका शब्द मला माहीत नाही.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की जुना पेंढा पूर्ण काढत नाहीत. कुजलेला वरचा थर खरवडायचा आणि त्यावर नवा घालायचा. त्यामुळे जुन्या छपराला फूट-दीड फूट, कधी त्याहून जाड थर चढलेले असतात. सर्वांत खालचे थर धुरानं काळे झालेले, कोरडे आणि शाबूत. त्यांत कधीकाळी त्या शेतात उगवलेलं धान्य, त्याबरोबरची तणं, त्यांचं बी. आज कुठेच न पेरली जाणारी वाणं तिथे सापडतात. छप्पर म्हणजे त्या शेताची बखर आहे, आणि ती खालून वर वाचायची असते. एखादा उत्साही कंत्राटदार "जुनं सगळं साफ करून नवं घालतो" म्हणतो, तेव्हा तो कोरं छप्पर देतो आणि शेताची दोनतीनशे वर्षं कचऱ्यात टाकतो.

इतकं सुंदर, इतकं विचारी घर लोकांनी सोडलं का? या प्रश्नाला मला वळसा घालायचा नाही. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडमधल्या घरांचे चार वर्ग केले होते. दुसऱ्या वर्गात पाच ते नऊ खोल्यांचं चांगलं शेतघर. चौथ्या वर्गात मातीची एक खोली. त्या चौथ्या वर्गात सुमारे ४ लाख ९१ हजार घरं मोजली गेली, म्हणजे तीन घरांमागे एकाहून जास्त. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि आणखी तेवढीच देश सोडून गेली. १८५१ च्या जनगणनेत चौथ्या वर्गातली घरं उरली सुमारे १ लाख ३५ हजार. दहा वर्षांत साडेतीन लाख घरं नकाशावरून गेली. ती पाडल्याच्या खुणाही नाहीत, कारण माती मातीत मिळाली. जिथे दगडाची बांधणी होती तिथे भिंती तरी राहिल्या. अकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी अशा ऐंशी-शंभर घरांच्या रांगा आजही बिनछपराच्या उभ्या आहेत.

आणि जे वाचले त्यांतल्या अनेकांना खंड थकला म्हणून जमीनदारांनी बाहेर काढलं. दुष्काळाच्या वर्षांत आणि पुन्हा १८८० च्या दशकात. माणसं परत येऊन राहू नयेत म्हणून छप्पर ओढून पाडत, भिंतीला ओंडक्याच्या धडका देत. आणि चुलीतला विस्तव विझवत. मघाशी मी विस्तवाबद्दल एवढं बोललो ते यासाठी. पिढ्यान् पिढ्या राखेखाली जपलेला निखारा पोलिसांदेखत विझताना ज्या घरच्या बाईनं पाहिला, तिच्या नातीनं पुढे गवताच्या छपराकडे प्रेमानं पाहावं ही अपेक्षा कुणी करावी?

म्हणून जेव्हा १८८५ आणि १९०३ च्या कायद्यांनी कुळं जमिनीची मालक झाली, तेव्हा ज्याला जमलं त्यानं भिंती उंच करून माडी चढवली आणि वर स्लेट घातली. ज्याला तेवढं जमलं नाही त्यानं पेंढ्यावर पत्रा ठोकला. १९७१ साली जॅक फिट्झसिमन्स यांनी 'बंगलो ब्लिस' नावाचं स्वस्त नकाशांचं पुस्तक काढलं आणि देशभर नवे बंगले उठले. जुनं घर मागे गोठा किंवा कोठार म्हणून राहिलं. शहाणे लोक या बंगल्यांना नावं ठेवतात. मी ठेवणार नाही. ओल नसलेली भिंत, नळाचं पाणी आणि लेकरांसाठी वेगळी खोली मागण्याचा त्या माणसांना पूर्ण हक्क होता. आणि एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगितलीच पाहिजे: त्यांनी मागे ठेवलेल्या कोठारांमुळे आणि वरून ठोकलेल्या पत्र्यांमुळेच कितीतरी जुनी छपरं आत कोरडी राहिली. आज पत्रा काढला की खाली पेंढा मिळतो.

पण यातून एक असमतोल उरतो. आज आपण 'आयरिश शेतघर' म्हणून जे पाहतो ते बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वर्गातलं आहे. गाई, घोडा आणि दोन वेळचं अन्न असलेल्या माणसाचं. चौथ्या वर्गाचं घर जवळजवळ उरलंच नाही. म्हणून हेझलेट हाउससारख्या घराला दुहेरी साक्ष द्यावी लागते. तिथली माती, तो चुना, तो पेंढा त्या साडेतीन लाख घरांच्याच जातीचा आहे. त्यांच्या वतीनं बोलायला दुसरं कुणी राहिलेलं नाही.

या घरांची पहिली पद्धतशीर मोजमापं एका परदेशी माणसानं घेतली. स्वीडनचे ओके काम्पबेल १९३४-३५ मध्ये आयर्लंडच्या पश्चिमेत फिरले, घरं मोजली, नकाशे काढले. ही घरं आसपासच्या जमिनीपासून वेगळी काढताच येत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. १९३५ मध्ये लोकविद्या आयोग स्थापन झाला. उत्तरेत भूगोलाचे प्राध्यापक एस्टिन इव्हान्स यांनी, दक्षिणेत केव्हिन डॅनहर यांनी पुढची पिढी घडवली. इव्हान्सांच्या आग्रहातून अल्स्टर फोक म्यूझियम उभं राहिलं. १९६४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे गावोगावची घरं दगडनंदगड उतरवून आणून पुन्हा मांडली आहेत. त्याच दशकात शॅनन विमानतळाची धावपट्टी वाढवायची होती. वाटेत एक शेतघर आलं. ते पाडण्याऐवजी उचलून बनरॅटीला नेलं आणि त्याच्याभोवती तिथलं लोकग्राम वाढत गेलं. गंमत अशी, की १९६४ सालीच व्हेनिसला जगभरच्या जाणकारांनी सनद केली आणि तीत म्हटलं, की वास्तू तिच्या जागेपासून अलग करता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ते घर हललं नसतं तर धावपट्टीखाली गेलं असतं. पण हललेल्या घराचा वारा, उतार, शेजार आणि शेत मागेच राहतं. गावातल्या या साध्या वास्तूंसाठी वेगळी आंतरराष्ट्रीय सनद व्हायला १९९९ साल उजाडावं लागलं.

आज कायदे आहेत, याद्या आहेत. २००० च्या नियोजन कायद्यानं आयर्लंडमध्ये संरक्षित वास्तूंची नोंद ठेवणं बंधनकारक झालं. खरी अडचण मात्र भिंतीच्या आणि बाजाराच्या पातळीवर आहे. पहिली, सिमेंट. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. चुन्याचा हात तिला ते करू देतो, म्हणून तो वर्षाच्या वर्षाला द्यावा लागतो. शेजाऱ्यांना बोलावून घरी धर्मगुरूंच्या हस्ते प्रार्थना व्हायची तेव्हा आधी सगळं घर चुन्यानं उजळायचं, अशी रीत होती. एकदाच खर्च करू म्हणून सिमेंटचा गिलावा केला की त्याला बारीक तडे जातात, पाणी आत शिरतं, पण परत निघत नाही. भिंत आतून लापशी होते आणि एके दिवशी बसते. बाहेरून ती शेवटपर्यंत ठणठणीत दिसते. माझ्या स्वतःच्या उमेदवारीच्या काळात मी एका जुन्या मातीच्या भिंतीला असा गिलावा करू दिला होता. ती भिंत तिसऱ्या पावसाळ्यात गेली, आणि त्यानंतर मी सिमेंटचं पोतं जुन्या घराच्या अंगणात उतरू दिलेलं नाही.

दुसरी अडचण पेंढ्याची. भरपूर खत खाऊन वाढलेल्या आखूड गव्हाची काडी मऊ असते, आणि कापणीयंत्र ती चुरडून टाकतं. शाकारणीसाठी जुन्या वाणाचं, उंच, जुन्या यंत्रानं कापून बांधलेलं पीक लागतं. ते कुणीतरी मुद्दाम पेरावं लागतं. तिसरी अडचण विम्याची. गवताच्या छपराला विमा देणारं कुणी मिळेनासं झालं आहे, मिळालं तर हप्ता परवडत नाही. विमा नसला की गृहकर्ज नाही, कर्ज नसलं की तरुण कुटुंब त्या घरात येत नाही. कायदा घराला संरक्षित ठरवतो आणि बाजार त्यात राहणाऱ्याला बाहेर काढतो. हा विरोध सोडवल्याशिवाय बाकीचं सगळं रंगकाम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आयर्लंडच्या सरकारनं २०२१ च्या डिसेंबरमध्ये या घरांसाठी एक धोरण प्रसिद्ध केलं. त्याचं नाव 'अ लिव्हिंग ट्रॅडिशन', जिवंत परंपरा. उपशीर्षकात घरं समजून घेणं, सांभाळणं आणि पुढच्यांच्या हाती देणं असे शब्द आहेत. त्यांतल्या 'सांभाळणं'साठी त्यांनी जो शब्द घेतला तो आयरिश माणसं मूल सांभाळण्यासाठी वापरतात. सरकारी कागदात इतका घरगुती शब्द मी क्वचित वाचला आहे. तो ज्यानं घातला त्याला हे घर कळलं होतं.

इथे बसलेल्यांपैकी कित्येकांची मुलं डब्लिन, कॉर्क, लिमरिकला नोकरीला आहेत. त्यांना भेटायला जाल तेव्हा मोहेरचे कडे बघाच. पण एक दिवस राखून ठेवा आणि एखाद्या काउंटीत शाकारणीचं काम चालू असेल तिथे जा. खाली उभे राहून छपरावरचा माणूस हेझलची फांदी कशी पिळतो ते बघा, त्याच्याबरोबर शिकाऊ पोरगा आहे का ते बघा. आणि इथल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना एक विनंती: त्या घराचा नकाशा काढायला बसाल तेव्हा सुरुवात चुलीपासून करा, आणि नकाशाच्या कोपऱ्यात, जिथे आपण वास्तुरचनाकाराचं नाव लिहितो, तिथे ते छप्पर शेवटचं कुणी शाकारलं त्याचं नाव विचारून लिहा.